आम्ही डॉक्टर नाही, मग आम्ही काय करायचे?

समुपदेशक म्हणून महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांशी बोलायला जाते तेव्हा एक प्रश्न हमखास पुढे येतो. कधी वसतिगृहाचे रेक्टर तो विचारतात, कधी कार्यालयातील लिपिक, कधी प्रयोगशाळा परिचर, तर कधी मेसमध्ये वाढणाऱ्या मावशी. शब्द वेगवेगळे असतात, पण आशय एकच असतो: "एखादं पोर अचानक वेगळं वागायला लागलं तर आम्ही त्याच्याशी बोलायचं, की गप्प राहायचं? आम्ही काही डॉक्टर नाही. बोललो आणि काही बरंवाईट झालं, तर आमच्यावर येईल ना?"

ही भीती खरी आहे आणि ती बाळगणारी माणसे बेफिकीर नसतात. उलट ज्यांना विद्यार्थ्यांची काळजी वाटते, त्यांनाच हा प्रश्न पडतो. माझे उत्तर असे असते की, विद्यार्थ्याला काय झाले आहे हे ओळखणे तुमचे काम नाही. ते तुमच्याकडून कोणी अपेक्षितही धरलेले नाही. काहीतरी बदलले आहे हे दिसल्यावर त्याची दखल घेणे, त्या मुलाला एकटे न सोडणे आणि योग्य माणसाच्या हाती तो विषय नीट सोपवणे, एवढेच तुमचे काम आहे. मात्र हे 'एवढेच' प्रत्यक्षात कसे करायचे, ते नुसत्या सूचनांनी समजत नाही. म्हणून एका विद्यार्थ्याची हकिकत सांगते. त्याची ओळख पटू नये यासाठी नाव व काही तपशील बदलले आहेत. आपण त्याला निखिल म्हणू या.

निखिल अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता, गाव सोडून वसतिगृहात राहत होता. प्राध्यापकांच्या लेखी तो 'अनियमित' एवढाच होता, कारण साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कोण गप्प झाले आहे हे सहसा लक्षात येत नाही. ज्यांच्या लक्षात आले, ते होते रात्री अभ्यासिका सांभाळणारे ग्रंथालय परिचर. सगळी मुले त्यांना मामा म्हणतात. पूर्वी मित्रांच्या घोळक्यात बसणारा हा मुलगा आता भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात एकटा बसतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली आहे, पुस्तक उघडे असते पण पान उलटत नाही, हे मामांनी पाहिले होते. मेसमधल्या मावशींनाही तो दोन वेळांपैकी एकच वेळ ताटावर दिसत होता. दोघांकडे अर्धी-अर्धी माहिती होती. ती एकत्र येण्याची काही सोयच नव्हती.

एका रात्री अभ्यासिका बंद करायच्या वेळी निखिल मामांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, या पंख्यातून माझं नाव ऐकू येतंय का तुम्हाला?"

मामांनी दिलेले उत्तर मी नंतर अनेक प्रशिक्षणांत सांगितले आहे. ते म्हणाले, "मला तर नुसता पंख्याचा आवाज येतोय रे. पण तुला नाव ऐकू येत असेल तर डोक्याला किती ताप होत असेल. जेवलास का तू?"

या तीन वाक्यांत जवळजवळ सगळे आले आहे. मामांनी 'हो, मलाही येतंय' असे म्हणून त्याच्या भासाला दुजोरा दिला नाही. 'काहीतरीच काय, वेडा झालास का' असे म्हणून त्याला उडवूनही लावले नाही. आपल्याला काय ऐकू येते ते त्यांनी खरे सांगितले, त्याला होणारा त्रास मान्य केला आणि लगेच जेवणाझोपेच्या साध्या गोष्टीकडे बोलणे वळवले. ज्याला असे आवाज येतात त्याच्यासाठी ते पूर्णपणे खरे असतात, म्हणून तिथे वाद घालून कोणाचेही मत बदलत नाही. फक्त आपल्यावरचा त्याचा विश्वास उडतो. आणि असा विद्यार्थी सगळ्यांवर संशय घेत असताना ज्या एका माणसाला येऊन विचारतो, त्या माणसावरचा विश्वास फार मोलाचा असतो.

मामांनी आणखी एक गोष्ट केली, जी अनेकजण करत नाहीत. ती गोष्ट त्यांनी मनात ठेवली नाही. निखिलला सोबत घेऊन ते वसतिगृहापर्यंत चालत गेले आणि "मी सरांशी बोलतो, तुला झोप लागत नाहीये एवढं त्यांना कळायला हवं," असे त्याला सांगूनच रेक्टर सरांकडे गेले. त्याच्या पाठीमागे कुजबुज करण्यापेक्षा त्याला सांगून पुढे जाणे नेहमीच चांगले. तो नाराज झाला तरी चालेल. आपल्याला फसवले, असे त्याला वाटता कामा नये.

रेक्टर सरांनी मला फोन केला तेव्हा दहा वाजून गेले होते. कॉरिडॉरमध्ये मुले जमली होती, एकजण मोबाइलवर चित्रीकरण करत होता आणि निखिल आपल्या खोलीच्या दाराशी उभा राहून, कोणीतरी आपल्या विरोधात कट करत आहे, असे मोठ्याने सांगत होता. सरांच्या मनात त्या क्षणी दोनच पर्याय होते: त्याला खोलीत बंद करून बाहेरून कडी लावायची, किंवा घरी फोन करून 'तुमचा मुलगा आत्ताच्या आत्ता घेऊन जा' म्हणायचे. दोन्हीमागे घाबरणे होते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण त्या इमारतीतील दोनशे मुलांची जबाबदारी त्या वेळी त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होती.

मी त्यांना सर्वात आधी गर्दी हटवायला सांगितले. चित्रीकरण थांबवून ते पुसून टाकायला लावा, निखिलच्या दोन जवळच्या मित्रांपैकी एकालाच थांबवून घ्या आणि बाकीच्यांना खोल्यांत पाठवा. ज्याला आधीच सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे वाटते, त्याच्याभोवती वीस डोळे आणि एक कॅमेरा असणे म्हणजे त्याच्या भीतीला पुरावा देणे होय. त्यानंतर एकाच माणसाने बोलायचे, सावकाश आणि छोट्या वाक्यांत. त्याच्यापासून हातभर अंतर ठेवायचे, खांद्याला धरायचे नाही, आणि त्याच्या व दाराच्या मध्ये उभे राहायचे नाही. शक्यतो बसून बोलायचे. कडी लावण्याचा विचार तर मी त्यांना पूर्णपणे सोडायलाच सांगितले. कोंडलेला माणूस अधिक घाबरतो, आणि आत तो स्वतःला काय करून घेईल हे आपल्याला दिसत नाही. गच्चीच्या दाराला कुलूप आहे ना, खोलीत ब्लेड, फिनाइल, गोळ्या अशा वस्तू आहेत का, एवढे मात्र गाजावाजा न करता पाहून घ्यायला सांगितले.

मग मी त्यांना जे विचारायला सांगितले, त्यावर ते काही क्षण गप्प झाले. निखिलला थेट विचारा, असे मी म्हटले: "इतका त्रास होतोय, तर कधी मरून जावंसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? ते आवाज तुला काही करायला सांगतात का?" सर म्हणाले, "मॅडम, असं विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात यायचं." ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की चांगली शिकलेली माणसेही हा प्रश्न टाळतात. सरळ, आपुलकीने विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही, हे या क्षेत्रातील संशोधनाने वारंवार दाखवले आहे. उलट, ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला कोणीतरी न घाबरता विचारले म्हणून मोकळे होता येते. 'तसलं काही मनात नाही ना?' असे नकाराकडे ढकलणारे विचारणे मात्र उपयोगाचे नाही, कारण त्याला 'नाही' हेच उत्तर मिळते. निखिलने सांगितले की मरावेसे वाटत नाही, पण झोपायची भीती वाटते. त्या रात्री त्याचा मित्र खोलीत थांबला, दार किलकिले राहिले आणि रेक्टर सर दर तासा-दीड तासाने जाऊन पाहत राहिले. त्याने 'हो' म्हटले असते, किंवा तो स्वतःला वा इतरांना इजा करण्याच्या बेतात असता, तर सकाळची वाट न पाहता 108 वर रुग्णवाहिका बोलावून त्याला जवळच्या रुग्णालयात न्यायचे, हेही आम्ही फोनवर आधीच ठरवले होते.

त्याच फोनवर मी ताप आहे का, डोक्याला कुठे मार लागला होता का, फिट येऊन गेली का, मधुमेह आहे का, काही नशा केली आहे का, हेही विचारले. याविषयी जरा थांबून सांगायला हवे. विचित्र वागणे दिसले की आपण लगेच मनाकडे बोट दाखवतो. पण मेंदूपर्यंत पोचलेला ताप, रक्तातील साखर एकदम घसरणे, डोक्याला लागलेला मार, गांजाची नशा, किंवा सवयीची दारू एकाएकी सोडणे, यांमुळेही माणूस असंबद्ध बोलू लागतो. विद्यार्थी चार-दोन तासांत एकदम बदलला, त्याला वेळ-काळाचे भान नाही, अंगात ताप आहे किंवा तो ग्लानीत आहे, असे दिसले तर ती तातडीची शारीरिक अवस्था समजून आधी दवाखाना गाठायचा. समुपदेशकाला फोन नंतर. निखिलच्या बाबतीत बदल हळूहळू, काही आठवड्यांत झाला होता आणि यातले काही नव्हते.

सकाळी घरी फोन करायचा होता. मी सरांना म्हटले, आजाराचे नाव घेऊ नका, कारण ते आपल्याला ठाऊक नाही. जे पाहिले तेवढेच सांगा. सरांनी वडिलांना जे सांगितले ते साधारण असे होते: "काका, निखिल सुखरूप आहे, आमच्याजवळ आहे. गेल्या काही दिवसांत त्याला नीट झोप लागत नाही, जेवण कमी झालंय आणि इतरांना न येणारे आवाज आपल्याला येतात असं तो सांगतो. त्याला डॉक्टरांना दाखवायला हवं. तुम्ही या, आपण बरोबरच जाऊ." निखिल सज्ञान असल्यामुळे घरी कळवण्यापूर्वी त्याला विचारले होते. तो आधी नको म्हणाला, मग "आईला नको, बाबांना सांगा" म्हणाला, आणि आम्ही तेच केले. जिवाला धोका असता तर त्याच्या नकारानंतरही घरी कळवावे लागले असते, पण तेव्हाही त्याला तसे सांगूनच.

वडील संध्याकाळी पोचले. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते कुलदैवताविषयी. बाहेरचे काही असेल तर आधी गावाकडे नेऊन बघावे, असे त्यांचे म्हणणे होते. अशा वेळी कर्मचारी दोनपैकी एक चूक करतात: एकतर श्रद्धेची टिंगल करतात किंवा 'घरचा विषय आहे' म्हणून अंग काढून घेतात. रेक्टर सर म्हणाले, "काका, देवाला जरूर जाऊ या. पण आधी डॉक्टर. पोराला झोप लागली की मग दर्शनालाही तो नीट उभा राहील." वडिलांना ते पटले. दुसऱ्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ते त्याला घेऊन गेले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे बाह्यरुग्ण तपासणी होते आणि औषधेही मिळतात, हे कित्येक महाविद्यालयांना माहीत नसते. खासगी डॉक्टरांची फी परवडणार नाही म्हणून लांबणीवर पडणारे उपचार मी बरेच पाहिले आहेत. या वयात, म्हणजे विशीच्या आसपास, असे आजार पहिल्यांदा डोके वर काढतात, आणि उपचार जितके लवकर सुरू होतात तितकी सुधारणा चांगली होते. मामांनी ती रात्र जाऊ दिली असती, तर कदाचित आणखी कित्येक महिने गेले असते.

आता नोंदीविषयी. रेक्टर सरांच्या रजिस्टरमध्ये पहिल्या रात्रीची नोंद 'विद्यार्थी वेड्यासारखे वागत होता' अशी होती. ती खोडून आम्ही वेळ, ठिकाण, त्याने उच्चारलेले शब्द, कोण उपस्थित होते आणि काय केले, एवढेच लिहिले. डॉक्टरांना अशी नोंद उपयोगी पडते; 'वेड्यासारखे' या शब्दाचा कोणालाही काही उपयोग नसतो आणि तो कागदावर राहिला तर मुलाच्या पाठीस कायमचा लागतो. ही नोंद कोणी वाचायची हेही ठरले: रेक्टर, प्राचार्य आणि समुपदेशक. मेसच्या रांगेत, चहाच्या टपरीवर तो विषय निघणार नाही, याची काळजी घेणे हाही उपचाराचाच भाग आहे, असे मी मानते. 'याला येरवड्याला पाठवा' असे एखादे वाक्य कानावर पडले की मूल दुसऱ्यांदा कोणाजवळ मन मोकळे करत नाही. वस्तुस्थिती ही आहे की मानसोपचार घेणारे बहुतेक रुग्ण घरी राहूनच औषधे घेतात आणि आपापली कामे करतात.

यावरून कोणी असे समजू नये की वेगळे दिसणारे प्रत्येक वागणे आजाराचे असते. एकटे जेवणे, स्वतःशी पुटपुटत पाठांतर करणे, घोळक्यात न मिसळणे, विचित्र कपडे घालणे हे कोणाचा स्वभाव असतो, कोणाची गरज, तर कोणाचे दुःख. पाहायचे ते एवढेच, की हे मूल आधीच्या स्वतःपेक्षा बदलले आहे का, आणि त्या बदलाने त्याची झोप, जेवण, अभ्यास किंवा सुरक्षितता बिघडते आहे का. प्रिय वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, खूप दिवसांच्या उदासीनंतर अचानक शांत होणे, या खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. कनिष्ठ महाविद्यालयातील मुले अठराच्या आतली असतात. तिथे लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि 'आम्ही आपापसांत मिटवू' हा पर्याय उरत नाही.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नाकडे येते. आत्महत्येचा प्रयत्न झाला की पोलिसांत प्रकरण जाईल, या धास्तीने वसतिगृहांत पुष्कळ गोष्टी दाबल्या जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि, तसे नव्हते हे सिद्ध झाल्याखेरीज, तिच्यावर खटला चालवला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निकालात शैक्षणिक संस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, आणि शिक्षकांबरोबरच शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा धोक्याच्या खुणा ओळखण्याचे व मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत आहे. म्हणजे हे शिकवणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि ते मागणे हा तुमचा हक्क. ज्याने पाहिले, विचारले, सोबत केली आणि वरिष्ठांना कळवले, त्याने आपले काम चोख केले; त्यानंतरही काही अघटित घडले तर तो त्याचा दोष ठरत नाही. पाहूनही कोणालाच न सांगणे, एवढ्या एकाच गोष्टीचे समर्थन मला कधी करता आलेले नाही.

समुपदेशक नसेल किंवा अवेळी फोन लागत नसेल, तर केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. तिथे फक्त विद्यार्थ्यानेच फोन करावा असे नाही. 'माझ्यासमोर असा मुलगा आहे, मी काय करू' असे विचारण्यासाठी रेक्टर किंवा सुरक्षारक्षकही फोन करू शकतात.

निखिल पुढच्या सत्रात परत आला. त्या वेळी मामांनी मला विचारले, "आता मी त्याच्याशी कसं वागायचं?" मी म्हटले, पूर्वीसारखेच. 'गोळ्या घेतल्यास का?' असे चारचौघांत विचारायचे नाही, 'बरा झालास ना पूर्ण?' असेही नाही. औषधांमुळे सकाळी गुंगी राहते, तेव्हा पहिल्या तासाची हजेरी चुकली तर ती आळसाच्या खात्यात टाकू नये, हे मी त्याच्या परवानगीने वर्गशिक्षकांना सांगितले. परीक्षा विभागातील लिपिक ताईंनी हुकलेल्या विषयांचे अर्ज त्याला खिडकीवर ताटकळत न ठेवता आत बसवून भरून घेतले. झोप पुन्हा उडू लागली तर कोणाला सांगायचे, हे निखिलने स्वतःच ठरवले. त्याने मामांचे नाव सांगितले.

त्या प्रकारानंतर मामांनाही काही दिवस झोप लागत नव्हती, हे मला फार उशिरा कळले. अशा प्रसंगात सापडलेल्या कर्मचाऱ्याशीही कोणीतरी बसून बोलायला हवे, ही गोष्ट संस्थांच्या परिपत्रकांत सहसा नसते. आता मी प्रशिक्षण ठरवताना दोन अटी घालते. एक, ते सकाळी अकराला ठेवायचे नाही, कारण रात्रपाळीचे रक्षक आणि अभ्यासिकेचे परिचर तेव्हा झोपलेले असतात आणि नेमके तेच बाहेर राहतात; संध्याकाळी पाळी सुरू होण्याआधीचा तास मागायचा. दुसरी, मेसच्या मावशींनाही कार्यालयातल्या लोकांबरोबर त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर बसवायचे. गेल्या खेपेला मावशींनी तिथेच प्राचार्यांना विचारले, की एखादं पोर चार वेळा जेवायला आलं नाही तर ते कोणाला सांगायचं, नंबर द्या. प्राचार्यांनी तो नंबर त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून घेतला.